बादलीखालून परदेश

मी परवानगीशिवाय मिनेसोटा राज्य सोडून गेलो, असा माझ्यावर आरोप होता. आरोप खोटा आहे असं मी कधीच म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की राज्य सोडताना मी एका बादलीवर बसलो होतो आणि जागचा हललो नव्हतो.

प्रोबेशन म्हणजे जज्जसाहेबांनी शिक्षा लिहायची, स्वतःच्या खिशात ठेवायची आणि म्हणायचं, दोन वर्षं नीट वाग, म्हणजे ही बाहेर काढावी लागणार नाही. माझ्या नावाने जज्ज रूड यांच्या खिशात नव्वद दिवसांचा तुरुंग होता. आमच्या गावात उन्हाळाही नव्वदच दिवसांचा असतो. म्हणजे माझा एक अख्खा उन्हाळा त्या माणसाच्या खिशात होता.

मूळ गुन्हाही सांगून टाकतो, कारण गावात तो सगळ्यांना पाठ आहे. मी आइस हॉकीच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. त्या डिसेंबरात आमच्या शाळेने अकरा वर्षांनी शेजारच्या गावाला हरवलं. मी चार बिअर प्यायलो आणि पाचवी आणायला निघालो. प्यायल्यावर गाडी चालवायची नाही एवढी अक्कल शाबूत होती, म्हणून यंत्र घेऊन निघालो. ताशी नऊ मैल. शेरीफचा डेप्युटी गाडीतून उतरला, माझ्या शेजारून चालत आला आणि चालता चालताच त्याने मला अटक केली. तोपर्यंत मागचा मेन स्ट्रीट आरशासारखा झाला होता. सकाळी तिथे सात जण घसरून पडले. सातवे जज्ज रूड.

तर प्रोबेशन. दारू नाही, यंत्र नाही, आणि लेखी परवानगीशिवाय राज्याबाहेर पाऊल नाही. आमचं तळं अर्धं मिनेसोटात आणि अर्धं कॅनडात आहे, पण मला त्याची काळजी नव्हती. मला परदेशाची हौस नाही. मला फक्त ऑर्व्हलमामाबरोबर शनिवारी मासे धरायला जायचं असायचं.

ऑर्व्हलमामा एकाहत्तर वर्षांचा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर झोपडी टाकून, बर्फाला भोक पाडून वॉलाय मासे धरायचे, हे इथे सगळेच करतात. पण मामाच्या गळाला लागतात तेवढे आणि तसले वॉलाय दुसऱ्या कुणाच्याच गळाला लागत नाहीत. कारण मामाकडे ‘जागा’ आहे. ती शोधली आर्डिसमामीने, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. सहा वर्षांपूर्वी मामी गेली. तेव्हापासून जागा जगात एकाच माणसाला माहीत होती. गावातले लोक मामाला त्याचं ऑपरेशन, मृत्युपत्र, कवळी सगळ्याबद्दल विचारतात. जागेबद्दल थेट विचारत नाहीत. नुसते दुर्बिणी बाळगतात.

मामी गेल्यावर मामा मला न्यायला लागला. पद्धत अशी. सार्वजनिक धक्क्यावर मामा माझा फोन काढून घ्यायचा, कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावायचा. फोनमध्ये नकाशे असतात. मग मला स्नोमोबीलच्या मागच्या घसरगाडीत बसवून डोक्यावर पाच गॅलनची प्लास्टिकची बादली घालायचा. मग पाऊण तास प्रवास. वळणं एवढी, की मामा बर्फावर सही करतोय असं वाटायचं. पोचल्यावर बिनखिडक्यांच्या झोपडीत नेऊन बादली काढायचा आणि उलटी ठेवायचा, की मी तिच्यावर बसायचं.

“मामा, मी तुझा सख्खा भाचा आहे,” मी एकदा म्हटलं.

“म्हणून तर बादलीला भोकं पाडलीत,” मामा म्हणाला. “श्वास घ्यायला.”

माझ्या प्रोबेशनचा दुसरा हिवाळा, मार्च संपत आला होता. बर्फ कुजायला लागला होता आणि शहाण्या लोकांनी झोपड्या उचलल्या होत्या. शनिवारी सकाळी आम्ही गळ टाकून बसलो होतो. बाहेर बंदुकीसारखा आवाज झाला. मामाने दार उघडलं, धुक्यात चार पावलं गेला, तीनच पावलं परत आला आणि दाराबाहेरच थांबला.

“बर्फ तुटलाय,” तो म्हणाला.

“कुठे?”

“चारी बाजूंनी.”

आम्ही फुटबॉलच्या मैदानाएवढ्या तुकड्यावर होतो आणि तुकडा निघाला होता. धुकं एवढं, की कुठे निघाला ते दिसेना. मामाने दोन मिनिटं विचार केला, डब्याचं झाकण काढलं आणि फोन माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चालू केला. पहिलाच संदेश आला: कॅनडात आपलं स्वागत आहे.

दुसरा कुणी असता तर त्याने बचाव पथकाला फोन केला असता. मी माझ्या प्रोबेशन ऑफिसरना, लोरेन साव्हेला यांना केला. लोरेनबाईंनी मला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय. शनिवार असल्यामुळे ऑफिस बंद होतं. मी तिथल्या फोनच्या यंत्रावर निरोप ठेवला. तो पुढे कोर्टात वाजवला गेला, म्हणून शब्दन् शब्द सांगू शकतो.

“हॅलो लोरेनबाई, कोल्बी बोलतोय. कोल्बी ट्वेटेन. सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय, माफ करा. तसं काही विशेष नाही. बर्फ तुटलाय आणि मी त्याच्यावर आहे. फोन म्हणतोय मी कॅनडात आहे. तर तेवढी परवानगी मिळाली असती तर बरं झालं असतं. घाई नाही. सोमवारी बघितलंत तरी चालेल. बरं मग. तुमच्या आईचा गुडघा कसा आहे? बरं मग, ठेवतो. मामा म्हणतोय, तुमचं हॉटडिशचं भांडं आमच्याकडे राहिलंय. धुतलंय. बरं मग. तुम्हाला काही लागलं तर सांगा. बरं.”

तीन मिनिटं दहा सेकंद. त्यातली दोन मिनिटं निरोप घेण्यात गेली. त्याहून लवकर फोन ठेवणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात.

अडीच तासांनी धुकं उठलं आणि आमचा तुकडा सार्वजनिक धक्क्याला अलगद येऊन टेकला. धक्क्यावर तीसेक माणसं उभी होती. आम्ही पायरीवर पाऊल ठेवावं तसे उतरलो. बूटही भिजले नाहीत. कॅनडाबद्दल कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

मंगळवारी लोरेनबाई हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या चीजवाल्या पदार्थाचं, भांडं न्यायला आल्या. येताना नोटीस घेऊन आल्या.

“अरे, तू फोन केला नसतास तर मला कळलंसुद्धा नसतं,” त्या म्हणाल्या.

“पण परवानगी मागायची असते ना?”

“मागायची असते. पण तू ती यंत्रावर मागितलीस. यंत्रावर आलं की नोंद होते, नोंद झाली की मला कोर्टाला कळवावं लागतं.” त्यांनी भांडं उजेडात धरून पाहिलं. “कडेला चीज राहिलंय.”

मला कोर्टाकडून फुकटात वकील मिळाली. ब्रिन ओस्टरगार्ड. वय अठ्ठावीस, मिनीॲपोलिसची, मासा फक्त ताटात पाहिलेली. तिने टेबलावर एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, ‘सुनावणीचा हक्क सोडत असल्याबद्दल’.

“यावर सही केलीत तर सुनावणी होणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही नियम मोडल्याचं मान्य करायचं, सरकारी वकील दहा दिवसांवर तयार आहेत. सही नाही केलीत तर सुनावणी. तिथे जिंकलात तर काहीच नाही. हरलात तर नव्वद दिवस.”

“जिंकू शकतो?”

“राज्य सोडणं मुद्दाम असायला हवं. तुम्ही मिनेसोटात बसला होतात आणि बर्फाने तुम्हाला उचलून नेलं, तर तुमचा दोष नाही. फक्त झोपडी मिनेसोटात होती हे शपथेवर सांगायला हवं. कुठे होती नेमकी?”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही तिथे होतात ना?”

“डोक्यावर बादली होती.”

तिने वहीत ‘बादली’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग दुसरी मारली. “तुम्ही तिथे स्वतःच्या मर्जीने जात होतात ना?” तिने जरा हळू आवाजात विचारलं.

संध्याकाळी मी मामाला विचारलं. मामा माशाचे काटे काढत होता.

“पाहू,” तो म्हणाला.

आमच्याकडे ‘पाहू’ म्हणजे नाही. मला राग आला नाही. मामीच्या दोनच गोष्टी त्याच्याकडे उरल्या होत्या, मीटबॉलची पाककृती आणि जागा. आणि पाककृती तर तिने स्वतःच चर्चच्या पुस्तकात छापली होती.

दहा दिवस काय, असेच जातात. दुसऱ्या दिवशी मी ब्रिनच्या ऑफिसात जाऊन पेन उघडलं. ‘कोल्’ एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात दार उघडलं आणि मामा आत आला. टोपी हातात. मामा टोपी फक्त जेवताना आणि दफनाला काढतो.

“सही करू नकोस,” तो म्हणाला. “मी सांगतो.”

“मामा, खरंच?”

“लवकर बोल, नाहीतर परत ‘पाहू’ म्हणेन.”

मी पेन बंद केलं. ब्रिनने अर्धवट सहीचा कागद फायलीत ठेवून दिला.

ही बातमी ऑफिसाबाहेर कशी गेली माहीत नाही, पण मामा गाडीपर्यंत पोचायच्या आत गेली होती. मेमध्ये, सुनावणीच्या दिवशी, आमच्या कोर्टाने आजवर पाहिली नव्हती एवढी गर्दी झाली. खुनाच्या खटल्याला नऊ जण आले होते. मला दीडशे. बाहेर चर्चच्या बायकांनी कॉफी आणि लिंबाच्या वड्या मांडल्या होत्या. गळाला लावायचे जिवंत मासे विकणारा डेनी पहिल्या रांगेत होता. त्याच्या मांडीवर तळ्याचा प्लास्टिकमध्ये मढवलेला नकाशा आणि हातात मार्कर.

“धीर धर, कोल्ब्या,” तो म्हणाला. “सगळं गाव तुझ्या पाठीशी आहे.”

“पाठीशी नको, मागच्या रांगेत बसा,” मामा म्हणाला.

आधी माझा निरोप वाजवला. लोरेनबाईंच्या आईच्या गुडघ्यापाशी दोघींनी मान हलवली, लोरेनबाईंनी आणि टंकलेखन करणाऱ्या बाईंनी. मग सरकारी वकील उभे राहिले.

“हवामान खात्याची नोंद आहे,” ते म्हणाले. “त्या सकाळी वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत होता. कॅनडा उत्तरेला आहे. मग वाऱ्याने यांना कॅनडात नेलं कसं?”

“पाण्यालाही प्रवाह असतात,” ब्रिन म्हणाली. तिने आदल्या दिवशी वाचलं होतं. “साक्षीदार नेमकी जागा सांगतील, मग सगळं स्पष्ट होईल.”

मामा पिंजऱ्यात गेला. लग्नातला कोट घातला होता. बटण लागत नव्हतं, पण त्याने ते हाताने धरून ठेवलं होतं. शपथ घेतली.

“मिस्टर ऑर्व्हल, त्या सकाळी तुमची झोपडी कुठे होती?”

कोर्टात एवढी शांतता झाली, की दीडशे पेनांची टोपणं निघाल्याचं ऐकू आलं. जज्ज रूड पुढे झुकले. कडेला उभ्या डेप्युटीने, ज्याने मला चालत अटक केली होती त्यानेच, तळहातावर लिहायची तयारी केली. टंकलेखनाच्या बाई म्हणाल्या, “आकडे असतील तर सावकाश सांगा.”

मामाने खिशातून एक कार्ड काढलं. मी ते ओळखलं. मीटबॉलची पाककृती, मामीच्या अक्षरात. ते त्याने उलटं केलं. मागे पेन्सिलीने नकाशा काढलेला होता. मामाने चष्मा लावला. काढला. पुसला. परत लावला.

“आर्डिसने हे काढलं तेव्हा,” तो म्हणाला आणि थांबला. “धक्क्यावरून निघायचं. मग...”

आमच्याकडे नियम आहे. वीस इंचांपेक्षा मोठा वॉलाय एकच ठेवता येतो, बाकीचे परत पाण्यात सोडायचे. मामा सोडतो तेव्हा दोन्ही हातांनी धरून, पाण्याखाली नेऊन, क्षणभर थांबून सोडतो. तेव्हा त्याचा चेहरा जसा होतो, तसा आत्ता झाला होता. फक्त इथे पाणी नव्हतं. इथे डेनी होता.

मी उभा राहिलो.

“सोडतो,” मी म्हणालो.

“काय सोडता?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“सुनावणी. तो हक्क. तो कागद अजून आहे ना?”

ब्रिनने माझी बाही ओढली. “आपण जिंकतोय,” ती दातांतून म्हणाली.

“माहीत आहे. कागद द्या.”

जज्जसाहेबांनी सरकारी वकिलांना विचारलं, दहा दिवसांचं बोलणं अजून कायम आहे का. त्यांनी हातातल्या उघड्या पेनाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि जड आवाजात कायम आहे म्हणाले. मग जज्जसाहेबांनी मला ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“सुनावणी हा तुमचा हक्क आहे, हे समजतं?”

“हो.”

“सरकारला आरोप सिद्ध करावा लागला असता. तुमचा साक्षीदार बोलला असता. सविस्तर. हे समजतं?”

“हो.”

“हा निर्णय घ्यायला कुणी दबाव आणला?”

“नाही.”

“न घ्यायला?”

मी मागे पाहिलं. “दीडशे जणांनी.”

“परत एकदा विचार करायचा असेल तर कोर्टाला घाई नाही,” जज्जसाहेब म्हणाले. “कोर्ट जेवणापर्यंत थांबू शकतं. कोर्टाकडे स्वतःचा नकाशा आहे.”

“नको, जज्जसाहेब.”

मी ‘कोल्’च्या पुढे ‘बी ट्वेटेन’ जोडलं. मागे दीडशे टोपणं परत लागली. डेनी म्हणाला, “हे काही बरं नाही झालं.” इकडच्या हिशेबाने ही भयंकर शिवी आहे. मामा पिंजऱ्यातून उतरला, कार्ड खिशात ठेवलं आणि माझ्या शेजारून जाताना कोटाचं बटण सोडून दिलं.

दहा दिवस तुरुंगात विशेष काही झालं नाही. तुरुंगाधिकारी रोज दोन वेळा यायचा आणि सहज म्हणायचा, “पूर्वेला होती का रे? नुसतं हो किंवा नाही म्हण.” मी म्हणायचो, बादली होती. सहाव्या दिवशी त्याने जेवणात जादा खीर पाठवली. मी खाल्ली. बादली तरीही होतीच.

अकराव्या दिवशी सकाळी मामा ट्रक घेऊन न्यायला आला.

“मामा, तू खरंच सांगणार होतास?”

“शपथ घेतली होती.”

“म्हणजे मी सुटलो असतो.”

मामाने एक वळण घेतलं, मग दुसरं.

“नसतास,” तो म्हणाला.

“का?”

“जागा कॅनडात आहे.”

“पहिल्यापासून?”

“जागा कुठे जाणार?”

“मामीला माहीत होतं?”

“नाही. तिला नकाशा काढता यायचा, वाचता यायचा नाही. मला तिसऱ्या वर्षी कळलं. सांगणारच होतो तिला. तेवढ्यात तिच्या गळाला नऊ पौंडी लागला. म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात सांगू.” त्याने गिअर बदलला. “मग तेच चालू राहिलं.”

“म्हणजे कोर्टात तू शपथेवर सांगणार होतास, की चव्वेचाळीस वर्षं परवाना नसताना कॅनडात मासे धरले.”

“हो.”

“आणि त्यातले काही माझ्याबरोबर. म्हणजे मला नव्वद दिवस झाले असते.”

“तेही सुचलं होतं,” मामा म्हणाला. “पण पिंजऱ्यात उभा राहिल्यावर.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. प्रोबेशन लागल्यापासून तेवीस शनिवार मी परवानगीशिवाय परदेशात जात होतो. बावीस वेळा कुणाला पत्ता लागला नाही. तेविसाव्या वेळी वारा उत्तरेकडून होता, बर्फ मला आपणहून मिनेसोटात परत आणत होता, आणि नेमकं तेव्हा मी फोन करून सांगितलं की मी निघालोय. मी दहा दिवस भोगले ते घरी येण्याबद्दल.

“बाकीचे बावीस लोरेनबाईंना कळवायला हवेत,” मी म्हणालो. “नुसता निरोप ठेवतो.”

मी फोन काढला. मामाने रस्त्यावरची नजर न काढता तो माझ्या हातातून घेतला, सीटखालच्या कॉफीच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

“पाहू,” तो म्हणाला.

पुढच्या जानेवारीत माझं प्रोबेशन संपलं. तोवर त्या हिवाळ्यात मी धक्क्यावर ट्रकमध्ये बसून राहायचो आणि मामा एकटाच जाऊन यायचा. डेनी माझ्या शेजारी गाडी लावून बसायचा, दुर्बीण घेऊन. प्रोबेशन संपलं त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी मामा दारात आला. त्याने आम्हा दोघांचे कॅनडात मासे धरायचे परवाने काढले होते. त्यावर जागा लिहावी लागत नाही, याची दोनदा चौकशी करून.

धक्क्यावर मी घसरगाडीत बसलो. मामाने फोन डब्यात टाकला, चारी बाजूंना पाहिलं, आणि सामानातून बादली काढली.

“मामा, आता बादली कशाला? मला माहीत आहे ना. कॅनडात आहे.”

“कॅनडा केवढा मोठा आहे,” मामा म्हणाला, आणि बादली माझ्या डोक्यावर घातली.